लोहमार्गावरील स्त्रिया : पाटीपासून इंजिनापर्यंत



रेल्वेचा इतिहास सांगावयास बसले की आपल्याकडे एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. दिनांक १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरावर चौदा डब्यांची गाडी उभी आहे, तिला तीन इंजिने जोडली आहेत, चारशे निमंत्रित पाहुणे आत बसले आहेत आणि तोफांच्या सलामीत ती ठाण्याकडे निघते. शाळेतील मुलांना हे चित्र तोंडपाठ असते. गव्हर्नरसाहेबांच्या बँडचे वर्णन असते, गर्दीचे असते, इंजिनांच्या नावांचेही असते. ज्या भरावावरून ती गाडी धावली तो भराव कोणी घातला, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. तो शोधू लागले म्हणजे इतिहासाच्या पहिल्याच पानावर डोक्यावर मातीची पाटी घेतलेली एक स्त्री भेटते. तिचे नाव मात्र कोठेही लिहिलेले नाही.

ही स्त्री ठळकपणे दिसते ती भोर घाटात. कर्जतच्या बाजूने सह्याद्री चढून खंडाळा-लोणावळ्यास जाणारा हा मार्ग १८५६ साली बांधावयास घेण्यात आला आणि १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या चढणीत १,८३१ फुटांची उंची गाठावयाची होती. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले, दऱ्यांवर पूल उभारावे लागले. चढ इतका तीव्र की काही ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते. कड्यावर दोराने लोंबकळत सुरुंगाची छिद्रे पाडणाऱ्या मजुरांची वर्णने इंग्रज अभियंत्यांनी करून ठेवली आहेत. काम ऐन भरात असताना, १८६१ च्या सुमारास, घाटात ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती.

‘माणसे’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. मातीकाम आणि दगडकाम त्या काळी एकट्या माणसाचे नसे, कुटुंबाचे असे. पुरुषाने पहार आणि कुदळ चालवावयाची, बायकोने पाटी भरून वाहावयाची, हाताशी आलेल्या पोरांनी बारीक खडी वेचावयाची किंवा फोडावयाची. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणपट्टीतल्या गावांतून आलेली कुटुंबे होती, तसेच वडार समाजासारखे दगड-मातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेले लोक होते. काम बहुधा उक्ते दिले जाई. इतकी माती उपसली की इतके पैसे, असा तो हिशेब. पैसा ठेकेदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कुटुंबातील कर्त्या पुरुषाकडे जाई. साहजिकच स्त्रीच्या श्रमाची वेगळी मोजदाद होत नसे. रोजंदारीवर जेथे ती स्वतंत्रपणे लागे तेथे तिचा दर पुरुषापेक्षा कमी धरला जाई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पावसाळा आला की काम थांबे, कुटुंबे शेतीकडे परतत आणि दिवाळीनंतर पुन्हा घाटात झोपड्या उभ्या राहत. या झोपड्यांतून पटकीच्या साथी फिरल्या. त्यात दगावलेल्यांत स्त्रिया किती आणि मुले किती, याचे उत्तर देणारा कागद नाही.

याच घाटात दुसरी एक स्त्री होती आणि तिचे नाव मात्र इतिहासात नोंदले गेले. घाटाचा पहिला ठेकेदार फॅव्हिएल याच्या कारकीर्दीत मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ च्या आरंभी मोठा असंतोष उसळला आणि त्याच वर्षी त्याने ठेका सोडला. नंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज ठेकेदाराने काम हाती घेतले. तो हिंदुस्थानात येऊन काही आठवडेच झाले असतील, तोच १८५९ च्या अखेरीस आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका परत करून मायदेशी निघून जावयाचे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. परंतु तिने ठेका स्वतःकडे ठेवला, ॲडॅमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष देखरेख दिली आणि पतीने घेतलेले काम १८६३ मध्ये पुरे करवून दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. तिचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात मिळून गेलेले असे. विधवेला मात्र तो अधिकार होता. म्हणजे ॲलिस ट्रेडवेल ही ठेकेदार होऊ शकली ती विधवा झाल्यामुळे. वैधव्याच्या दाराने रेल्वेत प्रवेश हा प्रकार पुढेही अनेकदा दिसणार आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथेच करून ठेवावयाचा. ठेकेदारीण आणि पाटीवाली यांच्यात अंतर फार होते हे खरे. तरी जगातल्या एका अवघड लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना स्त्रिया होत्या, हे विसरता येत नाही.

यानंतरचा टप्पा दुष्काळाचा आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्यात सरकारने जी मदतकामे काढली त्यांत दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम होते. अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, जाणारा हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. ज्यांनी दौंडहून मनमाडला प्रवास केला असेल त्यांनी खिडकीतून दिसणारे ते लांबच लांब भराव पाहिले असतील. दुष्काळी कामांवर स्त्रियांची संख्या नेहमीच मोठी असते. पुरुष गुरे घेऊन किंवा कामाच्या शोधात दूर गेलेले असतात, आणि मुलाबाळांना घेऊन जवळच्या कामावर यावयाचे ते बाईनेच. त्या दुष्काळात मजुरीचे दर इतके खाली आणण्यात आले की पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे वारंवार अर्ज केले. पुरुषाच्या वाट्यालाच जेथे दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा येत होता, तेथे बाईच्या पदरात त्याहून कमी पडत होते.

पंचायतींच्या सदस्यांना हे चित्र परके वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रियांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, किंवा ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्या बायका त्या रांगांत बसल्या होत्या, त्यांना ते ओळखीचेच आहे. फरक झाला तो कायद्याने. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात कामाचा दर ठरला तो कामाच्या मापावर. तो करणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा हे पाहण्याचे कारण उरले नाही. दौंड-मनमाडच्या भरावापासून या तरतुदीपर्यंत यावयास शंभर वर्षे लागली.

मार्ग बांधून झाले, गाड्या धावू लागल्या आणि रेल्वे ही एक मोठी नोकरी झाली. या नोकरीत स्त्री कोठे होती? फारच थोड्या जागी. स्त्रियांच्या प्रतीक्षागृहात आया म्हणून, रेल्वेच्या दवाखान्यांत परिचारिका आणि सुईण म्हणून, रेल्वे वसाहतींच्या शाळांत शिक्षिका म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अँग्लो-इंडियन समाजातील काही तरुणी कार्यालयांत टंकलेखनाला आणि टेलिफोनला बसू लागल्या. एकूण पाहता जेथे घरकामाचेच विस्तारित रूप होते तेथे तिला जागा मिळाली. जेथे गाडी प्रत्यक्ष हलत होती तेथे, म्हणजे इंजिनावर, सिग्नलवर, यार्डात आणि रुळांवर, ती नव्हती.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. ज्या इंग्लंडातून रेल्वे आपल्याकडे आली तेथेही तसेच होते. आणि तेथील एक अनुभव फार बोलका आहे. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या वेळी, १९१४ मध्ये, ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांत सुमारे १३ हजार स्त्रिया कामाला होत्या. पुरुष आघाडीवर गेले आणि १९१८ पर्यंत हा आकडा ६८ हजारांवर गेला. स्त्रियांनी तिकिटे तपासली, सामान वाहिले, इंजिने पुसली, सिग्नल ओढले. युद्ध संपताच त्यांतील बहुतेकींना घरी पाठविण्यात आले. चार वर्षे जे काम त्यांनी चोख केले ते शांततेच्या काळात त्यांना जमणार नाही, असे ठरले. लंडनच्या भुयारी रेल्वेवर पहिली स्त्री-चालक येण्यास १९७८ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘स्त्रियांना हे काम जमते काय’ हा प्रश्न खरोखर कधीच नव्हता, तर ते काम त्यांना केव्हा करू द्यावयाचे हे कोणीतरी दुसराच ठरवीत होता.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेने सरकारी नोकरीत लिंगभेद करण्यास मनाई केली. कागदावर दार उघडले. पण दारापर्यंतची वाट तशीच राहिली. याचे एक कारण कायद्यातच होते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात कामास लावण्यास बंदी केली होती. हेतू संरक्षणाचा होता, यात शंका नाही. परंतु परळ आणि माटुंगा येथील रेल्वेचे कारखाने याच कायद्याखाली येत, आणि ज्या कारखान्यात पाळ्या चालतात तेथे रात्रपाळीस न येणारा कामगार कोणत्याही अधिकाऱ्यास नकोसाच वाटणार. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने हे बंधन घटनाबाह्य ठरविले. संरक्षणासाठी बांधलेली भिंत अडसर कशी होते याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि ते केवळ रेल्वेपुरते नाही.

तरीही स्त्रिया रेल्वेत येत राहिल्या. त्यांतील फार मोठा भाग ज्या मार्गाने आला त्याविषयी जाहीर समारंभांत बोलले जात नाही. तो मार्ग म्हणजे अनुकंपा नियुक्ती. रुळांवर काम करणारा गँगमन गाडीखाली सापडतो, यार्डात डबे जोडताना पॉइंट्समनचा अपघात होतो, फिटर आजाराने दगावतो. आणि तेराव्यानंतर काही महिन्यांनी त्याची पत्नी एक अर्ज आणि दोन लहान मुले घेऊन विभागीय कार्यालयाच्या पायऱ्या चढते. भुसावळ, मनमाड, सोलापूर, दौंड, कल्याण या रेल्वेच्या गावांत अशी कुटुंबे ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. तिचे शिक्षण बेताचे, कधी केवळ सहीपुरते. तिला शिपाई, खलाशी, सफाई कामगार, प्रतीक्षागृहातील परिचर अशी एखादी जागा मिळते. कारखान्यातील पुरुष कामगारांच्या गर्दीत ती प्रथम दिसते तेव्हा तिला बाजूचे, हलके काम देऊन ‘ताई, तुम्ही येथे बसा’ असे म्हणण्याकडे सहकाऱ्यांचा कल असतो. त्यात सहानुभूती असते. पण हलके काम म्हणजे न शिकलेले काम, आणि न शिकलेले काम म्हणजे न मिळणारी बढती. ज्या मिस्त्रीने अशा बाईच्या हाती पाना दिला, वेल्डिंग शिकविले, त्याने तिच्यावर अधिक उपकार केले असे म्हटले पाहिजे.

अनुकंपेचे दार असेच आहे. ॲलिस ट्रेडवेलच्या दाराहून ते फारसे निराळे नाही. पती गेल्यावर पतीची जागा. स्वतःच्या शिक्षणाच्या बळावर, परीक्षा देऊन, पूर्वी कोणाची नसलेली जागा घेणारी स्त्री रेल्वेत ठळकपणे दिसू लागली ती १९८० नंतरच्या काळात.

साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबातील सुरेखा भोसले, लग्नानंतरच्या सुरेखा यादव, यांची हकीकत आता पुष्कळांना ठाऊक आहे. कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. शिक्षिका व्हावे असे मनात होते. रेल्वेच्या सहायक ड्रायव्हरपदाची जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला, लेखी परीक्षेला आणि मुलाखतीला गेल्या, तेव्हा त्या एकट्याच स्त्री-उमेदवार होत्या. कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत शिकून १९८९ च्या सुमारास त्या सहायक ड्रायव्हर झाल्या. वाडीबंदर ते कल्याण अशा मालगाडीवर त्यांचे काम सुरू झाले.

सहायक ड्रायव्हरचे काम म्हणजे नुसते शेजारी बसणे नव्हे. निघण्यापूर्वी इंजिनाची तपासणी, मार्गात प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारून ड्रायव्हरशी पडताळणे, बिघाड झाल्यास अंधारात खाली उतरून इंजिनाच्या पोटाशी जाणे, हे सारे त्यात येते. सर्वांत कसोटीचा प्रसंग म्हणजे दोन स्टेशनांच्या मधोमध गाडी अपघाताने अडकून पडणे. अशा वेळी शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून लाल दिवा हाती घेऊन रुळांतून चालत जावे लागते. ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके रुळाला बांधावे लागतात. चाकाखाली ते फुटले की येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर ब्रेक लावतो. पावसाळ्याच्या रात्री घाटात हे अंतर चालणे पुरुषालाही सोपे नाही. ज्या नियमपुस्तकात हे लिहिले आहे त्यात ‘स्त्री असल्यास ६०० मीटर पुरे’ असे कलम नाही, आणि ते नसावे हेच योग्य आहे.

पुढे त्या मालगाडीच्या स्वतंत्र ड्रायव्हर झाल्या, २००० साली मुंबईच्या उपनगरी गाड्यांवर मोटरवुमन झाल्या आणि त्यानंतर त्यांनी घाटात गाडी चालविण्याची पात्रता मिळविली. कर्जत ते लोणावळा या चढणीवर गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिने जोडतात. पुढच्या आणि मागच्या इंजिनांचा मेळ राखावा लागतो. उतरताना तर जोर लावण्याहून आवरण्याचे कौशल्य मोठे. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईस दख्खनची राणी आणली. ज्या घाटात बायकांनी पाटीने माती वाहिली त्याच घाटातून. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूर ते मुंबई वंदे भारत एक्सप्रेसही त्यांनी चालविली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या सेवानिवृत्त झाल्या. मधल्या काळात त्यांनी कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या चालकांना शिकविलेही. शिक्षिका होण्याची मूळची इच्छा अशा आडवाटेने पुरी झाली म्हणावयाची.

येथे एक दुरुस्ती करणे इष्ट ठरेल. सुरेखा यादव यांचा उल्लेख ‘आशियातील पहिली महिला रेल्वे चालक’ असा सर्रास केला जातो. चीनमध्ये तियान गुईयिंग या तरुणीने १९५० सालीच वाफेचे इंजिन चालविले होते. भारतातील पहिली, एवढे म्हटल्याने सुरेखाताईंच्या कर्तृत्वात तिळमात्र उणेपणा येत नाही. शिक्षकांनी मुलांना सांगताना एवढी काळजी अवश्य घ्यावी.

मुंबईच्या उपनगरी मार्गावर मुमताज काझी यांचे नाव असेच आदराने घेतले जाते. त्यांचे वडील रेल्वेतच नोकरीला होते. तरी, किंवा कदाचित म्हणूनच, मुलीने इंजिनावर जावे हे त्यांना प्रथम रुचले नव्हते. पुढे त्यांनी संमती दिली. डिझेल इंजिन आणि विजेची लोकल अशा दोन्हींवर काझी यांनी काम केले. २०१७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. लोकल गाडीच्या मोटरमनला हातातील नियंत्रक मूठ सतत दाबून धरावी लागते. हात सैल पडला तर वीज तुटून ब्रेक लागावेत अशी ती रचना असते. डब्यात उभे राहून घामाघूम झालेल्या हजारो प्रवाशांना पुढच्या केबिनमधील तो एक हात कोणाचा आहे हे कळत नाही, आणि कळण्याची गरजही पडत नाही.

इंजिनाकडे साऱ्यांचे लक्ष जाते. स्टेशन मास्तरांच्या खोलीकडे तितकेसे जात नाही. वास्तविक गाडी सुरक्षित पोहोचते ती त्या खोलीतल्या कामामुळे. पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ घेणे, परस्परांचे खाजगी क्रमांक नोंदवहीत उतरविणे, सिग्नल देणे. यात एक चूक झाली तर तिची भरपाई नाही. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात या पदावर पहिली स्त्री आली ती १९९२ मध्ये. स्त्रीला रात्रपाळीचे स्टेशन कसे द्यावे, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला होता. पुढे जुलै २०१७ मध्ये मुंबईतील माटुंगा स्टेशनचा सर्व कारभार स्त्रियांकडे देण्यात आला, तेव्हा तेथील व्यवस्थापक म्हणून याच अधिकारी नेमल्या गेल्या. तिकीट खिडकी, तिकीट तपासणी, उद्घोषणा, पॉइंट्स, रेल्वे सुरक्षा दल असे मिळून ४१ जणींनी ते स्टेशन चालवावयास घेतले आणि लिम्का बुकने त्याची नोंद घेतली. अशा स्टेशनांची नंतर देशभर लाटच आली. त्यांचे कौतुक जरूर करावे. मात्र एक स्टेशन केवळ स्त्रियांचे करणे सोपे असते. प्रत्येक स्टेशनवर, पुरुषांच्या बरोबरीने, एक-दोन स्त्रिया निर्धास्तपणे काम करू शकतील अशी व्यवस्था करणे अवघड असते. खरी परीक्षा दुसऱ्या ठिकाणी आहे.

सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचावयास आणखी वेळ लागला. ऑक्टोबर १९९९ मध्ये ममता बॅनर्जी देशाच्या पहिल्या महिला रेल्वेमंत्री झाल्या. मंत्रिपद मतपेटीतून येते. रेल्वे मंडळाचे अध्यक्षपद सेवेतील पायऱ्या चढून. १९०५ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या अध्यक्षस्थानी प्रथमच एक स्त्री आली ती १ सप्टेंबर २०२३ रोजी. रेल्वे वाहतूक सेवेतील जया वर्मा सिन्हा यांनी वर्षभर ते पद सांभाळले. त्याच वर्षी जूनमध्ये बालासोर येथील भीषण अपघातानंतर सिग्नल यंत्रणेत काय घडले हे वार्ताहरांना त्यांनी ज्या शांतपणे आणि नेमकेपणाने समजावून सांगितले होते, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल.

आता थोडे आजच्या अडचणींकडे वळावयास हवे, कारण सत्काराच्या भाषणांत त्या मागे पडतात. भारतीय रेल्वेत आज एक लाखाहून अधिक स्त्रिया आहेत, तरी शंभर कर्मचाऱ्यांत त्या जेमतेम आठ भरतात. इंजिनावर काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे. या स्त्रियांची सर्वांत मोठी तक्रार काय असावी? पगाराची नाही, श्रमाची नाही. इंजिनात स्वच्छतागृह नसल्याची. सव्वाशेहून अधिक वर्षे इंजिन पुरुषच चालवीत होते आणि त्यांच्या अडचणीचाही कोणी विचार केला नव्हता. स्त्रिया आल्या तेव्हा तो प्रश्न बोलला जाऊ लागला. २०१६ पासून काही इंजिनांत स्वच्छतागृहे बसविण्यास सुरुवात झाली, परंतु हजारो इंजिनांच्या ताफ्यात ती अजून थोडी आहेत. आठ-नऊ तासांच्या कामावर निघण्यापूर्वी पाणी पिणे टाळावयाचे, हा या स्त्रियांचा नित्याचा उपाय. उन्हाळ्यात विदर्भात, इंजिनाच्या उष्णतेत, त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे डॉक्टरांनी सांगावयास नको. त्यात गाडी कोणत्या वेळी निघेल आणि कोणत्या गावी पोहोचेल याचा नेम नाही. मालगाडीवरच्या स्त्रीला मध्यरात्री अनोळखी यार्डात उतरून विश्रामगृह गाठावे लागते. या परिस्थितीला कंटाळून काही महिला लोको पायलटांनी एक तर सोयी सुधाराव्यात किंवा आपणास दुसऱ्या विभागात घ्यावे, अशी मागणी केली. मोठ्या कष्टाने मिळविलेली जागा एका स्वच्छतागृहाअभावी सोडावीशी वाटावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

रुळांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया याहून अवघड स्थितीत आहेत. पूर्वी गँगमन म्हणत, आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. घण, पहार आणि पाने घेऊन रोज ठरलेल्या लांबीची पाहणी करावयाची, सैल झालेल्या चाव्या ठोकावयाच्या, खडी सारखी करावयाची. खुल्या भरतीतून आणि अनुकंपेने या कामावर आलेल्या मुली महाराष्ट्रातील प्रत्येक विभागात दिसतात. त्यांत पदवीधर आहेत. मैलोन्‌मैल उघड्या माळावर त्यांना आडोसा कोठला? जेथे समंजस मुकादम आणि अभियंता असतो तेथे स्टेशनजवळची लांबी त्यांना दिली जाते, तंबूची सोय होते. जेथे नसतो तेथे नियमावर बोट ठेवले जाते.

आणि ज्यांची गणती या शंभरातल्या आठांतही होत नाही अशा स्त्रिया आहेत. दुसरा, तिसरा मार्ग टाकण्याची कामे आज महाराष्ट्रभर चालू आहेत. ती कामे ठेकेदारांची असतात. रुळांच्या कडेला निळ्या ताडपत्रीची पाले असतात, झाडाला झोळी टांगलेली असते आणि बायका घमेल्याने खडी वाहत असतात. यंत्रे आली म्हणून त्या गेल्या नाहीत. त्या रेल्वेच्या कर्मचारी नव्हेत, म्हणून रेल्वेच्या आकड्यांत त्या येत नाहीत. किमान वेतन, पाळणाघर, पिण्याचे पाणी हे त्यांना कायद्याने मिळावयास हवे. आणि ज्या गावाच्या शिवारात ती पाले पडतात तेथील ग्रामपंचायतीला ते मिळते आहे किंवा नाही हे विचारण्यास कोणाची आडकाठी नाही. त्यांच्या मुलांची नावे शाळेच्या पटावर घेण्यास तर शिक्षकांना बाहेरची परवानगीही लागत नाही.

शेवटी, ज्यांच्या वर्गात दहावीच्या मुली बसल्या आहेत अशा शिक्षकांसाठी काही उपयुक्त माहिती. सहायक लोको पायलटच्या पदासाठी दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ठराविक व्यवसायांपैकी एकाचे प्रमाणपत्र, अथवा अभियांत्रिकी पदविका लागते. संगणकावरील परीक्षा मराठीतूनही देता येते. या पदाला चष्म्याशिवाय पूर्ण निर्दोष दृष्टी आवश्यक असते, रंगांची ओळख तपासली जाते आणि डोळ्यांवर लेसर शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवार अपात्र ठरतो. तेव्हा ज्या मुलीला इंजिनावर जावयाचे आहे तिचे डोळे आधीच तपासून घ्यावेत, म्हणजे दोन वर्षांच्या तयारीनंतर निराशा पदरी पडणार नाही. रुळांवरील व तत्सम पदांच्या शारीरिक चाचणीत मुलींना २० किलो वजन घेऊन दोन मिनिटांत १०० मीटर चालावे लागते, वजन मध्ये खाली टेकवावयाचे नाही. आणि १,००० मीटर अंतर ५ मिनिटे ४० सेकंदांत धावावे लागते. गावाकडच्या बहुतेक मुलींना पहिली अट अवघड जात नाही. धावण्याचा सराव मात्र करावा लागतो, आणि त्यासाठी शाळेचे मैदान सकाळी तासभर उघडे असले तरी पुरते.